तेल वर येईपर्यंत

भावजींनी जीपच्या चावीला हळदकुंकू लावलं आणि ती नारळाशेजारी ताटात ठेवली, तेव्हाच माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसाचा त्या चावीवर हक्क, तो ओटीवर खुर्चीत बसवून ठेवलेला. त्याला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

भावजी म्हणजे माझे मोठे दीर. मुंबईत तीस वर्षं एका कंपनीत पॅकिंगच्या खात्यात सुपरवायझर होते, आता निवृत्त. दर मे महिन्यात वीर स्टेशनला उतरतात, रिक्षानं महाडला येतात आणि तिथून वरंधच्या रस्त्याला आमच्या गावी. गाड्यांशी त्यांचा संबंध आला तो मागच्या सीटवर बसण्यापुरता. पण घरातले मोठे. आणि आमच्याकडे नवीन काहीही आणा, पंप असो, गिरणी असो, गाडी असो, पहिला खटका घरातल्या मोठ्या पुरुषानंच दाबायचा. विहिरीवर मोटर बसवली तेव्हा माझ्या सासऱ्यांना सणसणून ताप होता, तरी त्यांना घोंगडीत गुंडाळून नेलं आणि त्यांच्याच बोटानं बटण दाबलं. ही रीत. रीतीला माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच, की इंजिनाला रीत कळत नाही.

आमचे हे गाड्यांचे मिस्त्री. घराला लागूनच रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, तीच त्यांची जन्मभराची जागा. जीप आमची स्वतःची. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आमचा ड्रायव्हर कंटाळून सुरतेला गेला, तेव्हा ह्यांनी मला भातकापणी झालेल्या खाचरात जीप शिकवली. गावानं दोन महिने खिदळून घेतलं. मग मी रोज सकाळी वरच्या धनगरवाड्यातले दुधाचे कॅन आणि बाजाराची माणसं महाडला न्यायला लागले, तेव्हा त्याच खिदळणाऱ्या बायका म्हणायला लागल्या, "वयनी, मला पुढं बसू दे गो, मागं लय हिसके बसतात."

ती जीप गेल्या पुरात महाडला बुडाली. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत उभी होती, पाणी टपापर्यंत चढलं. पाणी ओसरल्यावर आम्ही दोघं गेलो. भावजीही मुंबईहून मदतीला आले होते, खोटं कशाला बोलू, दोन पोती सामान घेऊन आले होते. ह्यांनी बजावून सांगितलं, "कोणी चावीला हात लावू नका. इंजिनात पाणी भरलंय. आधी वरून सगळं खोलून पाणी काढायचं, मगच फिरवायचं." आणि हे ओढायला दोर आणायला गेले. मी शेजारच्या बाईच्या घरातला चिखल काढू लागले होते. तेवढ्यात भावजींनी गल्लीतल्या ट्रकवाल्याची बॅटरी मागून जोडली. "बघू तरी चालू होते काय," म्हणाले, आणि चावी मारली. ठण्ण असा एकच आवाज आला. हातातलं फावडं टाकून मी धावले. इंजिनाच्या ब्लॉकच्या कुशीला भोक पडलं होतं आणि आतला वाकडा रॉड बाहेरून दिसत होता.

ह्यांनी परत आल्यावर ते भोक बघितलं. भावाकडे बघितलं. मग जीपला दोर बांधला. गावात येऊन सगळ्यांना सांगितलं, "पुरानं इंजिन खाल्लं." मी तोंड उघडायला गेले तर मला म्हणाले, "अगो, मोठा हाय तो. जाऊ दे." खरं काय ते आम्हा तिघांनाच ठाऊक. तेव्हापासून तो राग माझ्या पोटात आहे.

मग ह्यांनी दासगावच्या बाजूनं एका भंगारातल्या गाडीचं इंजिन आणलं, त्याच जातीचं. गंजलेलं, माती भरलेलं. शेडमध्ये स्टँडवर चढवलं आणि पार खोलून परत जोडायला घेतलं. सकाळी लोकांच्या गाड्यांचं काम आणि दुपारच्या जेवणानंतर हे इंजिन. मी मदतीला गेले की माझ्यावर खेकसायचे, "तुझी ती बांगडी काढ आधी, आत पडली तर!" एकेक बेअरिंग तेल लावून बसवत होते. दिवाळी गेली, मार्गशीर्ष गेला. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात काम संपत आलं. मी बाहेर कपडे वाळत घालत होते. आतून हाक आली, "अगो, तेरा नंबरचा पा—"

पाना हा शब्द पुरा झाला नाही. मी आत गेले तेव्हा हे स्टँडच्या पायाशी पडले होते, तोंड एका बाजूला ओढलेलं. झटका आला होता.

आणि गाडी नव्हती. आमच्याच शेडमध्ये, आमच्याच दारात, गाडी इंजिनाविना उभी होती. खालून रिक्षा मागवून महाडला पोचायला दोन तास लागले. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर." एवढंच म्हणाले. त्या दोन तासांचा हिशेब मी कोणाकडे मागायचा ते मला ठाऊक होतं. तोंडातून मात्र काढलं नाही.

उजवा हात गेला, उजवा पाय काठीवर आला आणि शब्द गेले. शब्द गेले म्हणजे अक्कल गेली नाही, हे डॉक्टरांनी मला चारचारदा सांगितलं. "त्यांना सगळं समजतं, त्यांच्याशी नेहमीसारखं बोला." पण गावाला कोण सांगणार? जो येईल तो ह्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडायचा, "जेवलास काय रेऽऽ? बरा हायस ना रेऽऽ?" जणू काही माणूस बहिरा झालाय, नाहीतर तान्हा झालाय. दोन-चार जणांना मी हाकलूनही दिलं. ह्यांनी मान फिरवून घेणं मला बघवायचं नाही.

मे महिन्यात भावजी आले, चहा प्यायले आणि ओटीवर ह्यांच्या समोरच बसून मला म्हणाले, "ह्याला मी मुंबईला नेतो. इथं काय ठेवलंय आता? शेड मोकळी कर. ते इंजिन नि ती जीप भंगारात दे. टेन्शन संपलं."

चौथा मजला. लिफ्ट महिन्यातले वीस दिवस बंद. खिडकीतून समोरची खिडकी दिसते. तिथं हे काय करणार? भावजींचा जीव नव्हता भावावर असं मी म्हणणार नाही. जीव होता, पण माणूस उचलून ठेवायची वस्तू आहे असं त्यांना वाटत होतं. हे त्या दिवशी जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी भावजींना म्हटलं, "भावजी, इंजिन जोडून झाल्यातच जमा आहे. नुसतं बसवायचं आणि चालू करायचं. जीप चालू झाली तर त्यांना दवाखान्यात न्यायला-आणायला मी आहे. मग कशाला मुंबई?"

त्यांनी जीपला एक फेरी मारली. मग म्हणाले, "ठीक आहे. चालू झालं तर राहू दे. नाय झालं, तर विषय संपला. मग रडारड नको." आणि लगेच फोन काढून मुंबईच्या त्यांच्या ज्योतिषाला मुहूर्त विचारला. पुढच्या शुक्रवारी, अकरा बेचाळीस.

पोलादपूरचा एक मिस्त्री इंजिन उचलायची साखळीची पुली घेऊन आला आणि एका दिवसात इंजिन जीपमध्ये बसवून गेला. जाताना म्हणाला, "सरळ स्टार्टर मारा वयनी, काय होत नाय." काय होत नाय! ह्यांनी ते ऐकलं आणि काठी जमिनीवर अशी आपटली की मिस्त्री दचकला. त्यानंतर त्यानं माझा फोन उचलला नाही.

नवं बसवलेलं इंजिन पहिल्यांदा चालू करायचं म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांच्या संसारात पाठ झालंय. जोडताना बेअरिंगना तेल लावलेलं असतं. पण हे इंजिन चार महिने स्टँडवर पडलेलं, लावलेलं तेल केव्हाच ओघळून गेलं. खाली नवीन तेल ओतलं म्हणून ते आपोआप वर चढत नाही. इंजिन फिरलं की आतला पंप ते वर ढकलतो. ते वर पोचायच्या आधीच इंजिन पेटलं, तर सुकं लोखंड लोखंडावर घासतं आणि बघता बघता सगळं मातीत जातं. म्हणून हे काय करायचे, डिझेलच्या पंपावरची एक वायर काढून ठेवायचे. मग डिझेल पुढे जात नाही. स्टार्टर मारला तर इंजिन नुसतं फिरतं, पेटत नाही. दहा आकडे मोजायचे, थांबायचं, स्टार्टरला दम खाऊ द्यायचा, परत दहा. तेल वर येईपर्यंत. तेल आलं की चावीजवळचा लाल दिवा विझतो. मग वायर जोडायची, आणि मग खरी चावी.

ते आठ दिवस आम्ही दोघांनी काम केलं. मी बॉनेटमध्ये, हे खुर्चीवर, हातात काठी. काठीनं दाखवायचे, मी करायचे. चुकलं की काठी माझ्या पायाजवळ आपटायचे. रेडिएटर भरला, डिझेलमधली हवा काढली, पट्टा ताणला. हवा आत जाते त्या तोंडात उंदीर शिरू नये म्हणून ह्यांनी स्वतःच्या जुन्या खाकी शर्टाची बाही कोंबून ठेवली होती. ती काढली. झटक्याच्या दिवशी टॅपेट, म्हणजे वरच्या झडपांची फट, लावायचे राहिले होते, तेही मी लावले; फट चुकली की इंजिन टिकटिक करतं. पातळ पत्ती आत सरकवून तेरा नंबरच्या पान्यानं नट आवळायचा, एकेक करून. पहिले तीन ह्यांनी काठीची खूण करकरून माझ्याकडून दोनदा करून घेतले. चौथ्याच्या वेळी ह्यांचा डोळा लागला होता आणि आतून भावजी तिसऱ्यांदा ओरडले, "अगो, चहा टाकतेस काय आज?" चौथा मी तसाच आवळला. पुढचे परत नीट लावले.

शुक्रवारी माझा बेत असा होता की नऊ वाजताच तेल फिरवून घ्यायचं. मग मुहूर्तावर कोणी का चावी मारेना. बॅटरी वरंधला चार्जिंगला दिली होती. सकाळी आठला मी निघाले तर भावजी म्हणाले, "मी आणतो. तू पुरणाचं बघ." गेले ते अकरा वाजून वीस मिनिटांनी आले. रस्त्यात भेटेल त्याला आमंत्रण देत आले होते. अंगणात पंधरा-वीस माणसं जमली. एवढी माणसं आमच्याकडे त्या झटक्याच्या दिवशी जमली असती तर खांद्यावरून नेलं असतं ह्यांना.

बॅटरी जोडून होईपर्यंत साडेअकरा झाले. मी म्हटलं, "भावजी, आधी तेल फिरवायला हवं. अर्धा तास द्या."

"मुहूर्त टळेल."

"टळू दे. इंजिन जाईल त्याचं काय?"

"अगो, त्या मिस्त्रीनं सांगितलाय ना, सरळ मार म्हणून? तू काय त्याच्यापेक्षा शहाणी?"

"मग ह्यांना विचारा. इंजिन ह्यांनी जोडलंय."

भावजींनी ओटीकडे बघितलं आणि हसून म्हणाले, "त्याला काय विचारू? तो काय सांगणार हाय?"

माणूस समोर बसलाय. कान शाबूत आहेत. त्याच्या तोंडावर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी आवाज खाली ठेवून म्हटलं, "निदान चावी तरी ह्यांच्या हातून फिरवा."

"डाव्या हातानं? शुभकामाला?" भावजी म्हणाले, आणि अंगणातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

अकरा छत्तीस झाले होते. मी आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण उचललं. "बॉनेटला तोरण तरी बांधू दे," म्हणत पुढे गेले, आणि बांधता बांधता हात खाली घालून डिझेलच्या पंपावरची वायर उपटली. कोणाला दिसलं नाही. वर बघितलं तर हे माझ्याकडेच बघत होते. ह्यांना दिसलं होतं.

वायर जोडलेली ठेवली असती तर इंजिन पेटलं असतं आणि सुकंच घासून मेलं असतं. वायर काढली म्हणजे मुहूर्तावर ते पेटणारच नव्हतं, आणि पेटलं नाही की विषय संपला, हा भावजींचा शब्द होता. म्हणजे ह्यांची मुंबई मीच माझ्या हातानं पक्की करत होते की काय, मला काही समजेना. ह्यांनी एकदा डोळे मिटले आणि उघडले. बरोबर केलंस म्हणाले की चुकलीस म्हणाले, तेही कळलं नाही.

अकरा बेचाळीस. भावजी जीपमध्ये चढले, हात जोडले, चावी मारली.

इंजिन फिरायला लागलं. सुकं, खरखरीत. एक, दोन, तीन. सगळे माना पुढे काढून बघतायत. आठ, नऊ. दहाला ओटीवरून काठीचा आवाज आला, ठाक! भावजी दचकले आणि चावी सोडली.

"ए, गप बस रे!" ते ओरडले. "खूश झालाय," कोणीतरी म्हणालं.

भावजींनी परत चावी मारली. परत खरखर. परत बरोबर दहाला ठाक! परत ते दचकून थांबले. तिसऱ्यांदाही तेच. मला कळलं. चावी भावजींच्या हातात होती, पण काम हे करून घेत होते. गेले चार महिने ज्याला कोणी विचारत नव्हतं, तो माणूस ओटीवर बसून आकडे मोजत होता. मला हसू यायला हवं होतं. मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त संताप येत होता, कारण लोकांची तोंडं सुटली होती. वेळ चुकली, नजर लागली, बॅटरी उतरेल आता, उतारावर सोडून ढकलू या. सगळे शहाणे.

चौथ्यांदा थांबल्यावर भावजी घामानं थबथबले होते. खाली उतरले. रुमालानं मान पुसत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी आधीच सांगत व्हतो. ह्याचं डोकं तेव्हाच गेलं व्हतं. काय जोडलंय नि काय नाय देवाला माहीत. उद्याच भंगारवाल्याला बोलवतो. हा येईल माझ्यासंगती."

ह्यांचा डावा हात काठीवर आवळला गेलेला मी बघितला. बोटं पांढरी झाली होती. त्या क्षणी मी भावजींच्या अंगावर धावून गेले असते. पण मी खिडकीतून आत बघितलं होतं, लाल दिवा चौथ्या वेळेला नुसता मिणमिणला होता. अजून एकदा फिरायला हवं होतं, फार तर दोनदा. मी बसले असते चावीला तर वडीलधाऱ्याच्या हातून काढून घेतली म्हणून अंगणच उठलं असतं.

मग मी पदर खोचला आणि अगदी गोड आवाजात म्हटलं, "राहू द्या भावजी. तुमच्यानं नाही व्हायचं ते."

असे भडकले! "माझ्यानं नाय व्हायचा?" तावातावानं परत चढले आणि चावी अशी पिरगाळली की तुटते की काय वाटलं. इंजिन फिरलं. चार, पाच, सहा. आणि आवाज बदलला. खरखर गेली. आतून ओलसर, जड असा आवाज यायला लागला. मी दिव्याकडे बघायच्या आधीच ओटीवरून ह्यांचा डावा हात वर गेला, पंजा पुरा उघडलेला. ह्यांना तिथून दिवा दिसत नव्हता. ह्यांनी कानानं ओळखलं. मी वाकून बघितलं, लाल दिवा विझला होता.

"बास!" मी ओरडले. "सोडा ती चावी. तेल वर आलं."

"कसलं तेल?"

"वायर मी काढली होती, भावजी. मुद्दाम. म्हणून पेटत नव्हतं. ह्यांच्या कामात काडीची खोट नाही."

भावजींचं तोंड लालेलाल. "म्हंजे मला सगळ्यांसमोर मूर्ख बनवलंस?"

"मी बनवलं?" मग मात्र माझा बांध फुटला. "तुम्हाला सांगितलं होतं, तेल फिरवू द्या. ऐकलंत? ह्यांना विचारा म्हटलं. विचारलंत? महाडलाही हेच. पाणी भरलंय, चावीला हात लावू नका, ह्यांनी ओरडून सांगितलं होतं. कोणी मारली चावी? पुरानं नाही खाल्लं आमचं इंजिन. तुम्ही फोडलंत. आणि हा माणूस भावाचं नाव नको म्हणून गावभर पुराला दोष देत फिरला. त्याचं डोकं गेलंय म्हणता? गेलं असतं तर बरं झालं असतं, निदान खरं तरी बोलला असता! आणि इंजिन फुटलं म्हणून त्या दिवशी—"

ठाक! ठाक! काठी. हे माझ्याकडे बघत होते, भावजींकडे नाही. डोळ्यांत असा राग, की पुढचं वाक्य माझ्या घशातच राहिलं. दोन तासांचं ते वाक्य. एवढं सगळं होऊनही ह्यांना भावाचीच पडलेली! मला ह्यांचाही राग आला, सगळ्यांत जास्त ह्यांचाच आला. पण ते वाक्य मी गिळलं. भावजी स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून होते. ते अर्धं वाक्य त्यांनी स्वतःच पुरं केलं असावं. मग ते खाली उतरले.

मी वायर जोडली. भावजी ओटीकडे गेले. वाकले, ह्यांचा उजवा हात स्वतःच्या गळ्यात घेतला आणि ह्यांना उठवलं. दुसऱ्या बाजूनं धरायला कोणी पुढे आलं तर "मी नेतो" म्हणाले. पायरीवरून, अंगणातून, सावकाश. जीपमध्ये बसवलं, उजवा पाय हातानं उचलून आत ठेवला. मग लावलेली चावी काढून, कुंकू धोतराला पुसून, ह्यांच्या डाव्या हातात दिली. म्हाताऱ्यांपैकी कोणी डाव्या हाताबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मुहूर्त केव्हाच टळला होता. हे आडवे वाकले, डावा हात पलीकडे नेऊन चावी लावली, आणि फिरवली.

एक फेरा, दुसरा फेरा, आणि पेटलं. मागून काळा धूर निघाला, मग पांढरा, मग नुसतं धडधडणं राहिलं. बॉनेटवरचं तोरण थरथरायला लागलं. बायका टाळ्या वाजवत होत्या, भावजींनी पुढच्या चाकाजवळ नारळ फोडला आणि तिथेच पाठमोरे उभे राहिले. कोणीतरी मला मिठी मारली. दूध जाणार, बाजार होणार, हे घरात राहणार, ओटीवर, शेडच्या समोर. मला ओरडावंसं वाटत होतं, बघा, बघा म्हणून.

ह्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. मग कपाळाला आठ्या पडल्या. ओठ हलले. एकदा हलले, परत हलले, आणि त्या धडधडाटातून मला हाक ऐकू आली.

"अगो!"

चार महिन्यांनी.

"अगो… बंद. बंद!"

गोड नाही, प्रेमानं नाही. पूर्वी चूक झाली की ओरडायचे तसंच, अगदी तसंच. डाव्या हाताची चार बोटं माझ्यासमोर नाचवत होते. तेव्हा मला त्या धडधडीतली बारीक टिकटिक ऐकू आली. चौथा टॅपेट. चहाच्या हाकेला धावताना मी घाईत आवळलेला.

मी हात घालून इंजिन बंद केलं. अंगणात सगळे गोंधळून एकमेकांकडे बघायला लागले. हे माझ्याकडे रागानं बघत हात पुढे करून बसले होते, तळवा वर. मी शेडमध्ये गेले, फळीवरून तेरा नंबरचा पाना काढला आणि त्यांच्या हातात ठेवला.